ऑक्टोबरात आयल ऑफ स्काय: एका दिवसाची गायडेड टूर कशी निवडायची न कशी करायची

लेक-जावई किंवा मुलगा-सून यूकेत असले की दिवाळीच्या आगेमागे आईबाबांची ट्रिप ठरते, लंडन होतं, एडिनबरा होतं, आणि मग घरातलं कोणीतरी फोनवर त्या काळ्या सुळक्यांचा नि कड्यावरून थेट समुद्रात पडणाऱ्या धबधब्याचा फोटो दाखवतं की हे स्काय, इथे एक दिवस जाऊन येऊया ना. जाऊया की, नक्की जा. फक्त त्या "एक दिवस जाऊन येऊया"मध्ये लोक काय काय कोंबतात ते बघून वाटलं की जरा सविस्तर लिहावं, कारण शरदातलं स्काय हे उन्हाळ्यातल्या स्कायसारखं करायचं नसतं, दिवस लहान असतो, वारा मोठा असतो आणि दहा ठिकाणी पाच-पाच मिनिटं उतरलात तर रात्री लक्षात राहतं ते फक्त गाडीचं दार.

आधी थोडा अंदाज द्यावा म्हणून, स्काय हे स्कॉटलंडच्या वायव्य किनाऱ्याला अगदी चिकटून असलेलं बेट आहे, साधारण ८० किलोमीटर लांब, वस्ती १० हजारांच्या आसपास. १९९५ पासून पूल आहे त्यामुळे बोट लागतेच असं नाही, आणि त्या पुलाचा टोल २००४ मध्ये बंद झाला. मुख्य गाव पोर्ट्री, बंदरावरची ती रंगीत घरं तुम्ही कॅलेंडरवर बघितली असतील. अंतरं मात्र फसवी आहेत. इन्व्हरनेसहून पोर्ट्री गाडीने अडीच तास, एडिनबराहून पाच तासांच्या घरात, म्हणजे एडिनबराहून सकाळी निघून रात्री परत हा विचार मनातून काढूनच टाका, तशा जाहिराती दिसल्या तरी. एडिनबराहून जायचं तर तीन दिवसांच्या टूर असतात त्या बऱ्या. इन्व्हरनेसहून एका दिवसाच्या टूर चांगल्या चालतात पण त्यात जाऊन-येऊन पाच तास रस्त्यातच जातात, आणि ऑक्टोबरात परतीचा सगळा प्रवास अंधारात, काच म्हणजे आरसा. माझं मत विचाराल तर आदल्या रात्री पोर्ट्रीत मुक्काम करा आणि टूर पोर्ट्रीहूनच घ्या. ग्लासगो आणि इन्व्हरनेस दोन्हीकडून सिटीलिंकची बस थेट पोर्ट्रीला येते. इन्व्हरनेसहून काईल ऑफ लॉखॅल्शपर्यंत ट्रेनने येऊन पुढे बसने पूल ओलांडून यायचं हाही एक पर्याय आहे, ती ट्रेन सुंदर आहे, खिडकीपाशी जागा मिळाली तर तो अर्धा दिवस फुकट गेला असं अजिबात वाटणार नाही.

गाडी भाड्याने घेऊन स्वतःच का नाही जायचं? जाता येतं, पण. स्कायचे बरेच रस्ते सिंगल ट्रॅक आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या गाड्यांना मिळून एकच लेन, आणि थोड्या थोड्या अंतरावर "पासिंग प्लेस"ची पाटी लावलेला एक फुगवटा. समोरून गाडी आली की ज्याच्या बाजूला तो फुगवटा जवळ आहे त्याने थांबायचं, फुगवटा तुमच्या डाव्या हाताला असेल तर त्यात शिरायचं, उजव्या हाताला असेल तर त्याच्या समोर आपल्याच बाजूला थांबून समोरच्याला त्यात वळू द्यायचं. मागून कोणी घाईत असेल तर त्यालाही तिथेच पुढे सोडायचं. आणि तिथे गाडी लावून फोटो काढायला उतरलात तर स्थानिक माणूस जी नजर देतो ती दिवसभर पुरते. आपल्याला स्टेअरिंग उजवीकडे असायची सवय असते हे खरं, पण पावसात, दोन्ही कडेला ओली चिखलट साईडपट्टी, समोरून मोटरहोम, आणि रस्त्याच्या मधोमध निवांत बसलेली मेंढी, असं एकदम आलं की गाडी चालवणाऱ्याला कसला आलाय निसर्ग. गायड लोकांचं बघा, समोरून गाडी आली की न थांबल्यासारखं थांबतात, स्टेअरिंगवरचं एक बोट उचलून समोरच्याचे आभार मानतात आणि तेवढ्यात डोंगराची गोष्टही सांगून होते. आपण बाहेर बघायला मोकळे राहतो, पैसे दिले ते खरं तर याचेच.

आता मुख्य गोष्ट, टूर कुठली घ्यायची. साईटवर गेलात की "बेस्ट ऑफ स्काय", "कम्प्लीट स्काय" अशी नावं दिसतील, त्यात आयलन डोनान किल्ला, स्लिगाखनचा पूल, पोर्ट्री, स्टॉर, किल्ट रॉक, क्विरांग, डन्व्हेगन किल्ला, फेअरी पूल्स असं सगळं एका दिवसात लिहिलेलं असतं. जूनमध्ये रात्री दहापर्यंत उजेड असतो तेव्हा चालून जातं ते, ऑक्टोबरात नाही. शरदात एकच भाग धरा आणि तो ट्रॉटर्निश असू द्या. ट्रॉटर्निश म्हणजे पोर्ट्रीच्या वर उत्तरेकडे समुद्रात गेलेला, हाताच्या बोटासारखा जमिनीचा पट्टा, त्याला वळसा घालणारा रस्ता आहे, आणि स्कायचे तुम्ही बघितलेले निम्मे फोटो याच एका पट्ट्यावरचे आहेत. बुकिंगच्या आधी दोन प्रश्न ईमेलने विचारून टाका: क्विरांगला (तिथले कडे-सुळक्यांचे डोंगर) किती वेळ थांबता, आणि स्टॉरला (प्रसिद्ध सुळक्याचा डोंगर) चालत वर जायला वेळ देता की रस्त्यावरूनच दाखवता. उत्तर "पंधरा मिनिटं" आणि "फोटो स्टॉप" असं आलं तर दुसरी टूर बघा.

गाडी शक्यतो १६ सीटची मिनीबस किंवा त्याहून छोटी. मोठ्या बसला काही रस्ते झेपत नाहीत आणि चाळीस माणसं उतरून परत चढेपर्यंत ढग येतो. चार-पाच जण असाल, आईबाबा असतील, गुडघे-बिडघे असतील तर प्रायव्हेट गायडचा हिशोब करून बघा, माणशी फरक वाटतो तेवढा नसतो कधीकधी. स्कॉटलंडमध्ये ब्लू बॅज नावाची गायडची अधिकृत पात्रता आहे, परीक्षा-बिरीक्षा देऊन मिळते, तो बॅज असेल तर इतिहास-भूगोल पक्का असणार. पण बॅज नसलेले, तिथेच वाढलेले ड्रायव्हर-गायडही फार छान असतात, त्यांना कुठल्या घरात कोण राहतं ते माहीत असतं. लहान मुलं बरोबर असतील तर आधी विचारा, बऱ्याच छोट्या ग्रुपच्या टूर पाच वर्षांखालच्या मुलांना घेत नाहीत.

तारखेचं आता. ऑक्टोबरच्या मध्याला तिथे सूर्य आठच्या सुमारास उगवतो आणि संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास मावळतो. पण ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमध्ये घड्याळ एक तास मागे जातं आणि मग पावणेपाचलाच सूर्य खाली. म्हणजे २० तारखेची टूर आणि ३० तारखेची टूर यात दुपारच्या चहाएवढा नाही, अख्ख्या एका ठिकाणाचा फरक पडतो. जमत असेल तर ऑक्टोबरचे पहिले दोन आठवडे धरा. डन्व्हेगन किल्ला १५ ऑक्टोबरपर्यंतच उघडा असतो, बरीच छोटी म्युझियम नि कॅफे त्याच सुमाराला दुकान गुंडाळतात. फक्त एक आहे, स्कॉटलंडच्या शाळांना ऑक्टोबरात सुट्टी असते आणि इंग्लंडच्या शाळांना महिन्याच्या शेवटी, त्यामुळे सीझन संपला म्हणून पोर्ट्रीत रूम सहज मिळेल असं समजून जाऊ नका. रूम आधी, टूर नंतर, या क्रमाने बुकिंग करा.

शरदाचा फायदा काय मग? पहिला म्हणजे मिज. हे चिलटासारखे बारीक चावरे किडे, मे ते सप्टेंबर नुसता जीव काढतात, ऑक्टोबरात जवळजवळ संपलेले असतात. दुसरा फायदा रंग, पण इथे एक गैरसमज दूर करतो. फॉल कलर्स म्हणून अमेरिकेतली लालभडक मेपलची जंगलं डोक्यात असतील तर स्कायला ती नाहीत, तिथे झाडंच कमी. रंग येतो जमिनीवर. नेच्याची रानं (तिथे ब्रॅकन म्हणतात) गंजलेल्या लोखंडासारखी तांबडी होतात, डोंगरउतारावरचं गवत पिवळं-नारिंगी पडतं, हेदरची जांभळी फुलं ऑगस्टमध्येच होऊन गेलेली असतात त्यामुळे ती जागा तपकिरी, आणि या सगळ्याच्या वर काळा कातळ. ऊन दिवसभर तिरपंच असतं, डोक्यावर येतच नाही, त्यामुळे दुपारी बारालाही सकाळी आठसारख्या लांब सावल्या. आणि सांबरासारखी मोठी रेड डिअर हरणं, त्यांचा हा माजाचा काळ, स्लिगाखनच्या दरीत नर डुरकतात ते नशिबात असेल तर ऐकू येतं.

कपडे. छत्री घरी ठेवा, खरंच, वाऱ्यात ती उलटी होते. वॉटरप्रूफ जॅकेट टोपीसकट, शक्य झालं तर वॉटरप्रूफ पँटही, आत एक लोकर किंवा फ्लीस, त्याच्या आत साधा पातळ टीशर्ट, म्हणजे चढताना एकेक काढता येतं. जीन्स नको, भिजली की दिवसभर वाळत नाही आणि थंड पडते. बूट ग्रिपवाले, कारण चिखल असणारच आहे आणि तो आपल्या लाल मातीसारखा चिकटणारा नाही, काळा, पाणी धरून ठेवणारा पीटचा चिखल आहे, घोट्यापर्यंत आत जातो. मोज्यांचा एक जादा जोड प्लास्टिकच्या पिशवीत, बाकी काही विसरलात तरी चालेल. आईला साडीच नेसायची असेल तर किल्ट रॉकपर्यंत ठीक आहे, क्विरांगला मात्र सलवार किंवा पँट. नेच्यातून, गवतातून चालणार असाल तर पँट मोज्यात खोचा, गोचिडी असतात, संध्याकाळी रूमवर पाय तपासा. गाडी लागत असेल त्याने अव्होमिन घेऊनच बसावं, कारण रस्ता वर-खाली आणि वळणावळणाचा आहे.

आता दिवस.

बहुतेक टूर पोर्ट्रीच्या सॉमरलेड स्क्वेअरमधून निघतात, साधारण साडेआठ-नऊला. दहा मिनिटं आधी पोचा आणि बसायला जागा निवडता येत असेल तर उजवीकडची घ्या. कारण सांगतो. ट्रॉटर्निशचा फेरा चांगले गायड घड्याळाच्या उलट्या दिशेने करतात, म्हणजे आधी पूर्व किनाऱ्याने वर, मग पश्चिमेने खाली. स्टॉर न क्विरांग दोन्ही पूर्वेकडे तोंड करून आहेत, सकाळचं ऊन त्यांच्या अंगावर येतं, दुपारनंतर शरदात ते सगळे कडे स्वतःच्याच सावलीत बुडतात आणि फोटो काळाठिक्कर येतो. पूर्व किनाऱ्याने वर जाताना समुद्र उजव्या हाताला, पलीकडे रासे बेट. डावीकडच्यांना स्टॉर दिसतो, पण स्टॉरला तर उतरायचंच आहे. एखादी टूर उलट दिशेने जात असेल तर बुकिंगच्या वेळीच का ते विचारा, कधी गर्दी टाळायला जातात, कधी उगाच.

पोर्ट्री सोडल्यावर दहाएक मिनिटांत रस्त्याच्या कडेला लॉख फाडा आणि लॉख लेहन ही तळी लागतात, वारा पडलेला असेल तर पाण्यात ओल्ड मॅन ऑफ स्टॉर उलटा दिसतो. गायडला इथे थांबायला सांगा, कारण वर गेल्यावर ढगात काही दिसलं नाही तर हाच फोटो. ओल्ड मॅन म्हणजे जवळपास ५० मीटर उंच सुळका, मागे स्टॉरचा ७१९ मीटरचा डोंगर. पार्किंगपासून वर जाऊन परत यायला पावणेचार किलोमीटर, पाऊण-एक तास चढ, एकूण दीड-दोन तास धरा. वाट बांधलेली आहे, सह्याद्रीत थोडंफार फिरलेल्या माणसाला अवघड नाही, फक्त वरच्या टप्प्यात दगड ओले असतात. ज्यांना चढायचं नाही त्यांनी अर्ध्या तासाच्या अंतरापर्यंत जाऊन मागे फिरावं, तिथूनही समुद्र न बेटं छान दिसतात. पार्किंगला टॉयलेट आहे, जाऊन घ्या, पुढचं कधी येईल ते गायडच्या मर्जीवर.

पुढे किल्ट रॉक. लॉख मील्ट नावाचं तळं आहे, त्याचं पाणी कड्याच्या टोकापर्यंत येतं आणि सरळ ५५ मीटर खाली समुद्रात. जोराचा वारा समुद्राकडून असेल तर धबधबा खाली पोचतच नाही, उलटा वर उडतो, नाणेघाटात किंवा आंबोलीत कावळेसादला पावसाळ्यात बघितलं असेल तसं. त्याच्या पलीकडे तो कडा, उभ्या उभ्या खांबांच्या चुण्या पडलेल्या, स्कॉटिश लोकांच्या किल्टसारख्या, म्हणून नाव. इथे एक करा, सगळे फोटो काढत असतील तेव्हा दोन मिनिटं बोलणं थांबवून नुसतं रेलिंगपाशी उभे राहा. ते पोकळ पाईपचं कुंपण आहे, वारा आत शिरला की ते पाईप वाजतात, बासरीसारखा पण खर्जातला आवाज, मधेच दोन सूर एकदम. गायडने सांगितलं नाही तर लोकांना वाटतं दूर कुठे बॅगपाईप चाललाय.

हे खांब बघून आपल्याकडच्या माणसाला ओळखीचं वाटतं आणि ते खरंही आहे. अंधेरीची गिल्बर्ट हिल अशाच उभ्या खांबांची आहे. आपला दख्खनचा बसाल्ट साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, स्कायचा लाव्हा त्यानंतरचा, सहा कोटी वर्षांच्या आसपासचा, ग्रीनलंड आणि युरोप एकमेकांपासून फाटायला लागले त्या उलथापालथीतला. दोन वेगळ्या ठिकाणचे, वेगळ्या कारणांचे लाव्हा, पण थंड होताना तडे जायची पद्धत तीच. फरक असा की ट्रॉटर्निशला या जड लाव्ह्याच्या खाली ज्युरासिक काळातले नरम थर आहेत, चिखलाचे, वाळूचे, त्यांना वरचं वजन झेपलं नाही आणि अख्खी धार पूर्वेला घसरली. स्टॉर, क्विरांग, ते सगळे सुळके म्हणजे ब्रिटनमधल्या सर्वात मोठ्या भूस्खलनाचे तुकडे. क्विरांगच्या खालच्या फ्लोडिगॅरीला ते अजून सरकतंय, रस्ता पुन्हा पुन्हा दुरुस्त करावा लागतो, गाडी तिथे उड्या मारते ती ड्रायव्हरची चूक नाही. त्याच ज्युरासिक थरांमुळे स्टॅफिन गावाजवळ "अन कोरन" नावाच्या किनाऱ्यावर डायनासोरच्या पावलांचे ठसे आहेत. ओहोटी असेल तरच दिसतात, आणि उन्हाळ्यात वाळूखाली जातात, वादळं सुरू झाली की वाळू वाहून जाते नि परत उघडे पडतात, म्हणजे शरद न हिवाळा हाच त्यांचा सीझन. भरती-ओहोटीची वेळ गायडला आदल्या दिवशी विचारून ठेवा. दगड उचलून खिशात घालू नका, इथल्या जीवाश्मांना २०१९ पासून कायद्याचं संरक्षण आहे.

स्टॅफिनहून डावीकडे एक अरुंद रस्ता धारेवर चढतो, शेवटी नागमोडी वळणं, आणि वर खिंडीत क्विरांगचं पार्किंग. दिवसातला जास्तीत जास्त वेळ इथे द्या, बाकी कुठे काटछाट करायची ती करा. गाडीचं दार उघडताना एका हाताने घट्ट धरून उघडायचं, गायड ओरडून सांगतातच, कारण वाऱ्याने दार बिजागरीसकट मागे फिरतं आणि हे इथे नेहमी होतं. वाट पार्किंगपासून डोंगराच्या पोटातून आडवी जाते, डावीकडे कडा, उजवीकडे उतार, रुंदी एका माणसाची. सुरुवातीलाच एक ओढ्याची घळ ओलांडावी लागते, दोन-चार पावलं हात टेकून. उंचीची भीती वाटणाऱ्याने तिथपर्यंत जाऊन परत यावं, खोटी हिंमत नको, पार्किंगच्या टोकावरूनही तो प्रसिद्ध नजारा दिसतोच, वळणावळणाचा रस्ता, खाली तळी, मागे समुद्र. पुढे जाणाऱ्यांना नीडल नावाचा सुळका आणि प्रिझन नावाचा किल्ल्यासारखा कातळ लागतो. पूर्ण फेरा पावणेसात किलोमीटरचा आहे, तो ग्रुप टूरमध्ये होत नाही, तो ट्रेक म्हणून वेगळा दिवस काढून करायचा. पाऊण-एक तासात जेवढं होईल तेवढं जा, आणि निम्मा वेळ झाला की मागे फिरा, कारण गाडी तुमच्यासाठी थांबली की पंधरा लोक थांबतात. ढग आला तर घाबरू नका, दहा मिनिटं उभे राहा, इथला ढग आपल्या पावसाळ्यातल्या हरिश्चंद्रगडावरच्यासारखा मुक्कामाला येत नाही, वारा त्याला हाकलतो. पण वारा उभं राहू देत नसेल आणि गायड "नको" म्हणाला तर विषय संपला, वाद घालायचा नाही.

जेवण. बऱ्याच टूरमध्ये जेवण धरलेलं नसतं आणि ट्रॉटर्निशच्या वरच्या भागात ऑक्टोबरात कुठला कॅफे उघडा असेल त्याचा नेम नाही. त्यामुळे आदल्या संध्याकाळी पोर्ट्रीच्या को-ऑपमधून ब्रेड, चीज, फळं घेऊन ठेवा. घरून निघताना धपाटे किंवा तिखटमिठाच्या पुऱ्या केल्या असतील तर तुमच्यासारखे सुखी तुम्हीच, फक्त मिनीबसमध्ये लसणाची चटणी उघडू नका, बाहेर बाकावर उघडा. थर्मासमध्ये चहा हवाच. कॅफे उघडा मिळालाच तर शाकाहारी माणसाने दिवसाचं सूप आणि ब्रेड घ्यावं, सूप कशाच्या स्टॉकमध्ये केलंय ते विचारून. मासे खाणाऱ्यांनी कलन स्किंक सोडू नये, धुरावलेला हॅडॉक मासा, बटाटा आणि दूध, थंडीत वारा खाऊन आल्यावर त्याच्यासारखं काही नाही. रस्त्याच्या कडेला कधी एखादी लाकडी पेटी दिसेल, आत अंडी, केक नाहीतर जॅम, माणूस कोणी नाही, पैसे डब्यात टाकायचे. त्यासाठी थोडी सुट्टी नाणी खिशात असू द्या, बाकी सगळीकडे कार्ड चालतं.

क्विरांगनंतर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे खिंडीतून सरळ पलीकडे पश्चिम किनाऱ्यावरच्या यूग गावाला उतरायचं, वेळ वाचतो. दुसरा, परत खाली येऊन उत्तर टोकाला वळसा, डंटुल्मच्या किल्ल्याचे अवशेष, मग किलमूर. मला दुसरा आवडतो, पण अडीच वाजून गेले असतील तर पहिलाच घ्या. किलमूरच्या स्मशानात फ्लोरा मॅक्डोनाल्डची समाधी आहे, उंच दगडी क्रॉस. १७४६ मध्ये ब्रिटनच्या गादीसाठी लढून कलोडनची लढाई हरलेला राजपुत्र चार्ल्स सरकारी सैन्यापासून लपत फिरत होता, त्याला हिने आपली आयरिश मोलकरीण बेटी बर्क म्हणून बायकी कपडे घालून होडीतून स्कायला आणलं. मिठाईच्या पेटाऱ्यातून निसटलेल्या महाराजांची गोष्ट ऐकत वाढलेल्या लोकांना ही गोष्ट परत परत ऐकावीशी वाटते आणि गायड ती रंगवून सांगतात, सांगू द्या. त्याच स्मशानात फॅशन डिझायनर अलेक्झांडर मॅक्वीनचीही कबर आहे, बरोबरच्या पोरांना त्यात जास्त इंटरेस्ट असतो.

शेवटचा थांबा यूगजवळची फेअरी ग्लेन. छोट्या छोट्या शंकूच्या टेकड्या, त्यांच्यावर मेंढ्यांनी पाडलेल्या पायऱ्या, मधे एक कातळाचा मनोरा, त्याला कासल युअन म्हणतात. पऱ्या-बिऱ्या काही नाही, हेही भूस्खलनच. लोक दगड गोळा करून गोल गोल नक्षी मांडतात, गावकरी ती उचलून टाकतात, तुम्ही मांडू नका, गवत मरतं आणि मेंढ्यांचे पाय अडकतात. उतार निसरडा असतो, खाली उतरताना बसून उतरलात तरी कोणी हसत नाही. दुपारच्या उतरत्या उन्हात ही जागा सकाळपेक्षा चांगली दिसते, पश्चिमेकडून येण्याचा हा दुसरा फायदा.

डन्व्हेगन, नीस्ट पॉईंटचं दीपगृह, फेअरी पूल्स, हे सगळं राहिलं की! राहू द्या. नीस्ट पॉईंट बेटाच्या पार पश्चिम टोकाला, फेअरी पूल्स दक्षिणेला क्युलिन डोंगरांच्या पायथ्याशी, नकाशा बघितला की कळेल. दुसरा दिवस हातात असेल तर त्यांची वेगळी टूर घ्या. फेअरी पूल्सचं पाणी फोटोत निळंशार दिसतं, ते ऊन असेल तर, आणि त्यात डुंबायचा विचार ऑक्टोबरात मनात आलाच तर बरोबर टॉवेल घेऊन जा आणि मला सांगू नका. इन्व्हरनेसच्या टूरने येणाऱ्यांना स्लिगाखनचा जुना पूल वाटेतच मिळतो, तिथल्या ओढ्यात तोंड बुडवून न पुसता वाळू दिलं की कायमचं सौंदर्य मिळतं अशी दंतकथा आहे, गायड आग्रह करतात, आयांनी लेकींना पुढे करावं.

काही फुटकळ गोष्टी. क्विरांगला फोनला रेंज मिळेलच असं नाही, त्यामुळे नकाशा आधी डाऊनलोड करा आणि भेटायची वेळ तोंडी ठरवा, "कॉल करतो" यावर राहू नका. वाऱ्याचा इशारा असेल तर स्कायचा पूल उंच गाड्यांना बंद होऊ शकतो आणि टूर रद्द होते, म्हणून बुकिंग करताना रद्द केल्यास पैसे परत की दुसरी तारीख ते वाचून घ्या, आणि टूरच्या दुसऱ्याच दिवशी लंडनहून फ्लाईट असं ठेवू नका. आकाशात फळकुटासारखे रुंद पंख दिसले तर गायडला विचारा, व्हाईट टेल्ड ईगल असण्याची शक्यता असते. हा गरुड ब्रिटनमधून संपला होता, १९७५ पासून नॉर्वेहून पिल्लं आणून शेजारच्या रम बेटावर परत वाढवला. टिपची सक्ती नाही, पण दिवसभर पावसात तुमच्या आईला हात धरून चढवलं असेल त्याला उतरताना दहा पौंड द्यायला काही हरकत नाही, रोख द्या.

आणि पोर्ट्रीत परत आल्यावर रूमवर जाऊन अंघोळ करून मग निवांत जेवायला बाहेर पडू, हा आपला क्रम तिथे चालत नाही. ऑक्टोबरात बरीच किचनं आठ-साडेआठला बंद होतात आणि टेबल आधीच भरलेली असतात, तेव्हा सकाळी टूरला निघायच्या आधीच फोन करून साडेसहाचं टेबल सांगून ठेवा, ओल्या बुटांनी आत गेलात तरी तिथे कोणी काही म्हणत नाही, सगळ्यांचेच ओले असतात.